इंजिनचा मेंदू मेला, की निरोपाची तार तुटली?



या सदरात एरवी आम्ही मुलांचे शिक्षण, घरखर्च, आजारपण अशा विषयांवर लिहीत असतो. या खेपेस मोटारगाडीच्या इंजिनाविषयी लिहायचे ठरविले आहे. ज्यांच्या दारात सायकलीपलीकडे वाहन नाही, त्यांनीही कृपा करून पान उलटू नये. गोष्ट गाडीची असली तरी ती आमच्या धाकट्या बहिणीच्या गळ्यातल्या पोतीपर्यंत येऊन पोहोचली होती.

ही बहीण गोरेगाव तालुक्यात दिलेली आहे. भाऊजी राईस मिलमध्ये पोती वाहतात. दीड एकर धानाची बांधी आहे, तीही पावसावर. मुलगा, म्हणजे आमचा भाचा, बारावीनंतर दोन वर्षे रिकामा फिरला आणि मग फायनान्सवर त्याने परवान्याची एक जुनी सात आसनी डिझेल गाडी घेतली. गाडी २०१८ सालची. गावातला आजारी माणूस गोंदियाला न्यायचा, कुणाला नागपूरच्या मेडिकलला पोहोचवायचे, लग्नसराईत पाहुणे आणायचे, असा त्याचा धंदा. दर महिन्याच्या दहा तारखेला हप्ता. गाडी फिरली तर हप्ता निघतो, थांबली तर घरात बोलाचाली सुरू होतात.

२०२४ च्या नोव्हेंबरातली गोष्ट. धान कापून, मळून घरी आले होते आणि पोती टिनाच्या शेडात रचली होती. गाडीही त्याच शेडात उभी असे. एके पहाटे एका बाळंतिणीला घेऊन जायचे म्हणून भाच्याने चावी फिरविली. सेल्फ फिरला, पण इंजिन काही लागले नाही. मीटरवर नको ते दिवे पेटले. बाळंतिणीला १०८ ची गाडी बोलावून नेले, ती आणि बाळ दोघेही सुखरूप आहेत. आमच्या भाच्याची गाडी मात्र दोर बांधून ट्रॅक्टरने शहरातल्या एका गॅरेजमध्ये ओढत न्यावी लागली.

गॅरेजवाल्याने स्कॅनर लावला. पडद्यावर ‘यू ०१००’ असा कोड आला. त्याचा अर्थ त्याने सांगितला, “इंजिनचा कंप्युटर गेला. ईसीएम बदलावा लागेल. अडतीस हजार. निम्मे आधी द्या.” संध्याकाळी बहिणीचा आम्हाला फोन आला. म्हणाली, “दादा, पोत सोनाराकडे ठेवून देऊ म्हणते पोरगा. महिना-दोन महिन्यांत सोडवून घेऊ म्हणते.” आम्हाला गाडीतले काही कळत नाही. पण एकदा गहाण पडलेली पोत किती दिवसांनी घरी येते, ते आम्ही लहानपणी आईच्या बाबतीत पाहिले आहे. म्हणून आम्ही एवढेच म्हणालो की चार दिवस थांबा, गाडी घरी आणा, आम्ही येतो.

आमच्या शेजारी एक काका राहतात. एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये त्यांनी तीस वर्षे इलेक्ट्रिशियन म्हणून काम केले. निवृत्त झाले तरी त्यांच्या पिशवीत मल्टीमीटर असतोच. त्यांना सोबत घेतले. त्यांच्या ओळखीच्या एका मुलाचे गोंदियात गाड्यांच्या वायरिंगचे दुकान आहे. त्याच्याकडून दोन दिवसांसाठी बऱ्यापैकी स्कॅनर आणि त्या गाडीच्या वायरिंगचा नकाशा मिळाला.

बहिणीच्या अंगणात पोहोचल्यावर काकांनी पहिल्यांदा बोनेट उघडले नाही. चहा घेतला आणि भाच्याला समोर बसविले. “बाबू, तुझ्या मित्राचा फोन लागला नाही तर तू काय म्हणतो? मित्र मेला म्हणतो काय?” भाचा म्हणाला, “नाही जी. बॅटरी उतरली असेल, रेंज नसेल.” “मग हा कोड तेच सांगते. इंजिनच्या कंप्युटरचा फोन लागत नाही, एवढेच त्यात लिहिले आहे. मेला असे कुठेच लिहिलेले नाही.”

ही गोष्ट आम्हाला इतकी पटली की पुढचे सारे आम्ही वहीत लिहून घेतले. वाचकांसाठी ते येथे देत आहोत.

आजच्या गाडीत एकच कंप्युटर नसतो. इंजिनचा एक, ब्रेकच्या एबीएसचा एक, मीटरचा एक, एअरबॅगचा एक, दारे आणि दिव्यांचा एक, असे चार-पाचपासून कितीतरी असतात. या सगळ्यांना एकमेकांशी सतत बोलावे लागते. इंजिन किती फेरे फिरते आहे ते मीटरला कळायला हवे, चाके किती वेगाने फिरतात ते इंजिनला कळायला हवे. पूर्वीच्या पद्धतीने प्रत्येक निरोपासाठी वेगळी तार ओढली असती तर गाडीत तारांचे मोठे ओझे झाले असते. जर्मनीच्या बॉश कंपनीच्या इंजिनिअरांनी १९८३ पासून यावर काम केले आणि १९८६ साली अमेरिकेत डेट्रॉईट येथे एक नवी पद्धत जगापुढे मांडली. तिला ‘कॅन’ म्हणतात. पिळलेल्या दोन तारांची एक जोडी गाडीभर फिरते आणि सारे कंप्युटर त्याच जोडीवर बोलतात. गावात एकच रस्ता असावा आणि सगळ्यांच्या घरची दारे त्याच रस्त्यावर उघडावीत, तसे.

तारा दोनच का आणि पिळलेल्या का, हेही काकांनी सांगितले. कोणी बोलत नसते तेव्हा दोन्ही तारांवर सुमारे अडीच व्होल्ट असतात. निरोप जाताना एक तार साडेतीन व्होल्टपर्यंत वर चढते आणि दुसरी दीड व्होल्टपर्यंत खाली उतरते. दोघींतला फरक हाच निरोप. बाहेरून अल्टरनेटरचा किंवा कशाचा खडखडाट आला तर तो दोन्ही तारांवर सारखाच पडतो, फरक तसाच राहतो आणि निरोप बिघडत नाही. म्हणून तारा एकमेकींना पिळून ठेवतात. आणि या रस्त्याच्या दोन्ही टोकांना एकशेवीस ओहमचा एकेक रेझिस्टर बसविलेला असतो. तो नसेल तर निरोप टोकाला आपटून प्रतिध्वनीसारखा परत येतो आणि गोंधळ होतो. ही एकशेवीस ओहमची गोष्ट लक्षात ठेवावी, पुढे तिनेच सारे काम केले.

आता कोड. कोडचे पहिले अक्षर विषय सांगते. ‘पी’ म्हणजे इंजिन आणि गिअर, ‘सी’ म्हणजे ब्रेक, स्टिअरिंग वगैरे, ‘बी’ म्हणजे बॉडी आणि ‘यू’ म्हणजे आपसातले दळणवळण. यू ०१०० म्हणजे इंजिनच्या कंप्युटरशी संपर्क तुटला. यू ०१०१ म्हणजे गिअरच्या कंप्युटरशी तुटला, यू ०१२१ म्हणजे एबीएसशी तुटला. इंजिनचा कंप्युटर ठरावीक वेळेने सारखे निरोप पाठवत असतो. तो थांबला की एबीएसवाला, मीटरवाला आपापल्या वहीत लिहून ठेवतात की याचे काही ऐकू येत नाही. म्हणजे यू ०१०० ही तक्रार शेजाऱ्यांनी लिहिलेली असते. ज्याच्याबद्दल ती आहे, त्याची बाजू अजून कोणी ऐकलेलीच नाही. ती न ऐकता त्याला अडतीस हजारांत भंगारात काढायचे ठरले होते.

भाच्याने मधल्या दोन दिवसांत आपल्या परीने एक उद्योग केला होता. सात-आठशे रुपयांचे, मोबाईलला जोडायचे छोटे यंत्र त्याने मागविले. ते लावले तर मोबाईलवर ‘जोडता आले नाही’ एवढेच येई. पैसे फुकट गेले म्हणून तो खट्टू झाला होता. काकांनी ते हातात घेऊन पाहिले आणि म्हणाले की यंत्र बरोबर आहे. अशी स्वस्त यंत्रे मुख्यतः इंजिनच्या कंप्युटरशीच बोलतात. तोच उत्तर देत नसेल तर यंत्र बिचारे काय करणार? मोठ्या स्कॅनरने मात्र एबीएसला, मीटरला वेगवेगळे विचारता येते. विचारले तेव्हा बाकी सगळ्यांनी उत्तर दिले, एकटे इंजिन गप्प. यातूनही काही कळते. सगळेच गप्प असते तर सबंध रस्ताच बंद आहे किंवा स्कॅनरच्या खोबणीतच करंट येत नाही, असे समजायचे. एकटाच गप्प असेल तर त्याचा करंट, त्याची अर्थ, किंवा त्याच्या घराकडे जाणारी गल्ली, एवढ्यातच शोधायचे.

पण काकांनी लगेच शोधायला सुरुवात केली नाही, आणि आम्हाला वाटते येथेच पुष्कळ मिस्त्री चुकत असावेत. त्यांनी बॅटरी मोजली. गाडी लागावी म्हणून पोराने दोन दिवस सेल्फ मारून मारून ती उतरविली होती. बॅटरी कमजोर असली की हे कंप्युटर मध्येच बंद पडतात आणि खोट्या तक्रारी लिहिल्या जातात. म्हणून त्या दिवशी फक्त बॅटरी चार्जिंगला लावून आम्ही जेवलो आणि झोपलो. सकाळी तिने बारा पूर्णांक सहा व्होल्ट दाखविले, म्हणजे भरलेली. मग स्कॅनरने सारे जुने कोड पुसून टाकले आणि चावी पुन्हा ऑन केली. दहा सेकंदांत यू ०१०० पुन्हा आला. म्हणजे दोष जुना, होऊन गेलेला नाही, आत्ता या घडीला आहे.

मग फ्यूज. काका फ्यूज काढून डोळ्यांनी पाहत नाहीत, चावी ऑन ठेवून टेस्ट लॅम्पने फ्यूजच्या दोन्ही टोकांना करंट आहे का ते पाहतात. दोन्हीकडे होता. चावी ऑन केल्याबरोबर बोनेटखाली मेन रिलेने ‘टक्’ केले. काकांचा चेहरा खुलला. या गाडीत हा रिले ओढण्याचा हुकूम स्वतः इंजिनचा कंप्युटर देतो. “मेलेला माणूस दार उघडत नाही,” काका म्हणाले. कंप्युटरच्या कनेक्टरवर करंट मोजला, बारा व्होल्टच्या वर होता. अर्थ मोजली, तीही ठीक दिसली. ‘दिसली’ हा शब्द आम्ही मुद्दाम वापरला आहे, त्याचे कारण पुढे येईल.

कंप्युटर जिवंत आहे, त्याला करंट मिळतो आहे, तरी त्याचे बोलणे कोणाला ऐकू जात नाही. आणि इंजिन लागत नव्हते त्याचे कारणही तेच. चावी खरी आहे, चालू हो, ही परवानगीसुद्धा याच दोन तारांवरून त्याच्याकडे जाते. ती न मिळाल्याने तो डिझेल सोडत नव्हता. सेल्फ फिरायचा, इंजिन लागायचे नाही. आता राहिला रस्ता.

ड्रायव्हरच्या गुडघ्याजवळ, डॅशबोर्डखाली स्कॅनर लावायची सोळा पिनांची खोबण असते. तिच्यातली सोळा नंबरची पिन बॅटरीची, चार आणि पाच नंबरच्या अर्थच्या, आणि सहा व चौदा नंबरच्या पिना म्हणजे आपली ती तारांची जोडी. काकांनी बॅटरीची तार काढली, पाच मिनिटे थांबले आणि मग सहा आणि चौदा या पिनांमध्ये ओहम मोजले. येथे हिशेब सोपा आहे. रस्त्याच्या दोन टोकांना एकशेवीस-एकशेवीस ओहम जोडलेले आहेत. दोन्ही दिसत असतील तर मीटर साठ दाखवितो. एकच दिसत असेल तर एकशेवीस. तारा एकमेकींना चिकटल्या असतील तर जवळजवळ शून्य. मीटरवर आकडा आला एकशेवीस.

म्हणजे रस्त्याचे एक टोक तुटलेले होते. या गाडीत एक रेझिस्टर इंजिनच्या कंप्युटरमध्येच असतो, तेव्हा त्याच बाजूचे टोक. कंप्युटरचा कनेक्टर काढून सहा नंबरच्या पिनेपासून त्या तारेच्या टोकापर्यंत मीटर लावला, बीप वाजली. चौदा नंबरची लावली, बीप नाही. दोन तारांपैकी एक मध्येच कुठेतरी तुटली आहे, हे बसल्या जागी कळले. तोवर एक इंचही वायरिंग सोललेले नव्हते.

पुढचे अर्ध्या तासाचे काम. तारांचा जुडगा कंप्युटरपासून बॅटरीच्या खालून आत जातो. बॅटरी आणि तिचा ट्रे काढला तर खाली उंदराचे घरटे! धानाची फोलपटे, पोत्याच्या सुतळीचे तुकडे, कुणाच्या तरी वहीचा कागद, आणि त्यात तारांची साले. एक तार साफ तुटलेली, तिची जोडीदारीण दोन बोटे उघडी पडलेली, आणखी तीन तारा कुरतडलेल्या. बहीण पदर तोंडाला लावून हसली की रडली, आम्हाला कळले नाही. भाऊजी म्हणाले, “आमच्याच धानावर पोसला आणि आमचीच गाडी खाल्ली की बाप्पा!”

गोंदिया हा धानाचा जिल्हा. दिवाळीनंतर ज्याच्या घरी धान त्याच्या घरी उंदीर, यात नवे काही नाही. पूर्वी तो बैलगाडीचे काय खाणार होता? आता इंजिनची ऊब, तारांचे मऊ आवरण आणि शेजारी धानाची पोती, असे सगळे एका जागी त्याला मिळते.

जोडणीबद्दल काकांनी भाच्याला दोन गोष्टी बजावल्या. या जोडीच्या तारा नुसत्या पिळून वर टेप गुंडाळायची नाही. सारख्या जाडीची नवी तार घेऊन सोल्डर करायची, गरम केल्यावर आवळणारी स्लीव्ह चढवायची, दोन जोड एकासमोर एक येऊ न देता मागे-पुढे करायचे आणि दोन्ही तारा पूर्वीसारख्या एकमेकींना पिळून ठेवायच्या. आणि तपासताना तारेत सुई खुपसायची नाही, त्या भोकातून पाणी जाऊन सहा महिन्यांनी तार आतून गंजते. टेस्ट लॅम्पही या जोडीला लावायचा नाही. पिवळ्या आवरणाच्या, पिवळ्या कनेक्टरच्या तारा बहुधा एअरबॅगच्या असतात, त्यांना हातच लावायचा नाही.

जोड पूर्ण झाला, पुन्हा मोजले, साठ. कनेक्टर बसविले, बॅटरी जोडली, चावी फिरविली, आणि गाडी पहिल्या सेल्फला लागली. सामानाचा खर्च एकशे चाळीस रुपये. काकांनी मजुरी घेतली नाही, बहिणीने बोड्यांची भाजी आणि भात वाढला, तेवढे घेतले.

येथे गोष्ट संपली असती तर आम्हीही फुशारकी मारून मोकळे झालो असतो. पण आठ दिवसांनी भाच्याचा फोन आला, “मामाजी, पुन्हा तेच.” गाडी सकाळी लागत नव्हती, मग तासाभराने आपोआप लागली. स्कॅनरवर तोच यू ०१००, पण या खेपेस ‘आत्ताचा’ नाही, ‘होऊन गेलेला’. गावात दोघे-तिघे म्हणाले की शेवटी कंप्युटरच बदलावा लागेल, उगाच एकशे चाळीस रुपयांत गाडी दुरुस्त होत असते का! खरे सांगायचे तर आम्हालाही क्षणभर तसेच वाटले.

काका दुसऱ्यांदा आले ते थोडे ओशाळूनच. म्हणाले, चूक माझी. पहिल्या खेपेस त्यांनी अर्थ मोजली ती नुसती चावी ऑन ठेवून. तेव्हा गाडी फारसा करंट ओढत नसते, त्यामुळे कुजकी अर्थही चांगली दिसते. सेल्फ मारला की एकदम मोठा करंट वाहतो आणि अर्थचे खरे रूप तेव्हा दिसते. त्यांनी मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरी इंजिनला लावून भाच्याला सेल्फ मारायला सांगितले. चांगल्या अर्थला येथे फार तर दोन दशांश व्होल्ट दिसावेत. दिसले नऊ दशांश. बॅटरीच्या ट्रेखाली बॉडीला आवळलेला अर्थचा बोल्ट गंजला होता, उंदराच्या मुताने म्हणा की बॅटरीच्या ॲसिडने म्हणा. सेल्फ मारताना तेथे करंट अडायचा, कंप्युटर क्षणभर बंद पडायचा आणि शेजारी पुन्हा तक्रार लिहायचे. बोल्ट काढला, पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत घासला, आवळून वर ग्रीस लावले. मोजले, एक दशांश. हा खर्च तर काहीच नाही. त्यानंतर आजपर्यंत तो कोड आलेला नाही.

आता मूळ गॅरेजवाल्याविषयी. भाचा त्याला फार शिव्या घालतो. आम्हाला मात्र तो लबाड वाटत नाही. त्याच्याकडे दिवसाला दहा गाड्या येतात. तारा शोधायला चार तास घालविले आणि शेवटी एक जोड मारला तर गिऱ्हाईक म्हणते, “एका जोडाचे हजार रुपये?” नवा कंप्युटर बसविला तर तेच गिऱ्हाईक डब्याकडे पाहून अडतीस हजार देते. सुट्या भागाचे पैसे आपल्याला दिसतात, शोधण्याचे दिसत नाहीत. डॉक्टरने रक्त तपासायला सांगितले तर आपण तपासणीचे पैसे देतो, गाडीच्या बाबतीत मात्र तपासणी फुकट मागतो आणि मग अंदाजाची किंमत मोजतो. आमचे स्पष्ट मत असे की तपासणीची मजुरी आधी ठरवावी आणि ती आनंदाने द्यावी. काकांसारखा शेजारी प्रत्येकाला नसतो, आणि काकांनी मजुरी घेतली नाही हेही खरे तर योग्य झाले नाही.

मजुरी ठरविताना विचारायचेही ठरवून जावे. कोड कागदावर लिहून मागावा. स्कॅनरला कोणकोणत्या कंप्युटरनी उत्तर दिले आणि कोण गप्प राहिले, ते विचारावे. कोड पुसल्यावर लगेच परत आला की नाही, ईसीएमच्या कनेक्टरवर करंट किती, सेल्फ मारताना अर्थवर किती व्होल्ट दिसले, सहा आणि चौदामध्ये साठ आले की एकशेवीस, हे विचारावे. ज्याने मोजले असेल तो आकडे सांगेल. ज्याने मोजले नसेल तो रागावेल, तेव्हा गाडी दुसरीकडे न्यावी. एक मात्र ध्यानात ठेवावे. काही नव्या गाड्यांत स्कॅनरची खोबण आणि ही जोडी यांच्यामध्ये आणखी एक कंप्युटर पहारेकऱ्यासारखा बसविलेला असतो. तेथे खोबणीवर साठ दिसेलच असे नाही, म्हणून त्या गाडीचा नकाशा पाहिल्याशिवाय मिस्त्रीशी भांडू नये.

कधी कधी कंप्युटर खरोखरच जातो, हेही सांगितले पाहिजे. पुराच्या पाण्यात बुडालेली गाडी, उलटी बॅटरी लावलेली गाडी, बॅटरी न काढता वेल्डिंग केलेली गाडी, यांत तो जाऊ शकतो. पण तो निकाल करंट, अर्थ आणि तारा ठीक आहेत हे मोजून झाल्यावर द्यायचा असतो. शिवाय भंगारातून स्वस्तात कंप्युटर आणून बसविला की काम झाले, असेही नाही. ज्या गाड्यांत चावीची ओळख साठविलेली असते, त्यांत दुसऱ्या गाडीचा कंप्युटर आपल्या चावीला ओळखत नाही. त्याची जुळणी करायला पुन्हा पैसे लागतात. आमच्या भाच्याने अडतीस हजार भरून नवा बसविला असता, तरी तुटलेली तार तुटलेलीच राहिली असती आणि यू ०१०० तेथेच दिसला असता. कंप्युटरचे पैसे गेले असते ते वेगळेच.

आणखी एक, घरातल्या तरुणांसाठी. १ एप्रिल २०१७ पासून देशभर बीएस-४ आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ चे नियम लागू झाले. तेव्हापासूनच्या गाड्यांत कंप्युटर आणि कोड आलेच. खेड्यापाड्यांतले जुने मिस्त्री पाना-पेंचिसाने इंजिन सुरेख बांधतात, पण तारांना हात लावायला कचरतात. ही जागा रिकामी आहे. आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा दहावीनंतरचा दोन वर्षांचा ट्रेड आहे, इलेक्ट्रिशियनचाही आहे. मुलींनी तर अवश्य पाहावे, मल्टीमीटर उचलायला ताकद लागत नाही. तीन-चारशे रुपयांचा मीटर घेऊन घरातल्या जुन्या बॅटरीवर, बल्बवर सराव करता येतो. भाचा आता तेच करतो, आणि सहा-चौदाचा आकडा त्याने तारखेसह बोनेटच्या आतल्या बाजूला पेनाने लिहून ठेवला आहे.

उंदरांसाठी मात्र विषारी औषध गाडीत किंवा शेडात ठेवू नये, अशी आमची विनंती आहे. अंगणात लेकरे असतात, कोंबड्या असतात. झिंक फॉस्फाईडसारखे उंदीरमार औषध पोटात गेले की त्यातून विषारी वायू सुटतो, माणूसही दगावतो. पिंजरा लावावा, आठवड्यातून एकदा बोनेट उघडून बॅटरीखाली पाहावे, आणि धान व गाडी एका छपराखाली ठेवू नये. कोणी तंबाखूची पुडी बांधा म्हणतात. भाच्याने बांधून पाहिली, तर उंदराने त्या पुडीचा कागद नेला.

त्या महिन्याचा हप्ता बारा दिवस उशिरा गेला, दंडही बसला. पोत बहिणीच्या गळ्यातच आहे. धानाची पोती तिने शेडातून उचलून घरात, पलंगाशेजारी रचून घेतली आहेत. आता उंदीर घरात आले म्हणून ती आमच्यावर रागावली आहे, आणि या सदरात उंदरांविषयी कधी लिहिणार, असे तिने फोनवर विचारले आहे.